धाकटीचा आवाज का चिरकला

थंडोपंत हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते बाजारातल्या लोकांनी ठेवलं, आणि त्यात अर्धी थट्टा होती, अर्धं कौतुक. सुटे भाग जोडून गिऱ्हाईक सांगेल तसा कॉम्प्युटर बांधून द्यायचा, हा त्यांचा धंदा. दुकान म्हणजे एक चिंचोळा गाळा. समोर टेबल, टेबलावर स्क्रू ड्रायव्हर, ब्रश आणि प्रोसेसरला लावायच्या पेस्टची पिळून चपटी झालेली नळी. मागच्या भिंतीला रिकामी कॅबिनेटं रचलेली. मशीन तयार झालं की ते गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे, थोडा वेळ काम करायला लावायचे, आणि मग त्याचा हात धरून कॅबिनेटच्या पाठीवर ठेवायचे.

"बघा. गार आहे की नाही? आणि आवाज? येतोय काही?"

काही यायचा नाही. इतरांची मशीनं भरधाव गाडीसारखी घरघरायची, थंडोपंतांचं मशीन चालू आहे हे कळायला दिवा बघावा लागायचा. त्यांची युक्ती साधी होती. प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू; त्याला काम नसलं की तो डुलकी घेतो, आणखी वेळ काम नसलं की गाढ झोपतो. किती खोल झोपायचं, उठल्यावर किती जोरानं पळायचं, हे सगळं मशीन सुरू होतानाच आत शिरून ठरवता येतं. बाकीचे जोडणारे तिकडे फिरकतसुद्धा नसत. थंडोपंत मात्र त्या सेटिंगमध्ये तासन्‌तास रमायचे. झोप जास्तीत जास्त खोल, पळणं जेवढ्यास तेवढं. प्रोसेसर तापायचाच नाही, मग पंखा कशाला फिरेल?

आता यात वाईट काय? काही नाही. हिशेब लिहिणाऱ्याला, पत्रं टाइप करणाऱ्याला असं मशीन म्हणजे सुखच. पण एक गोष्ट हाताला बसली की तीच सगळीकडे करत सुटायचं, ही माणसाची खोड. आणि कोणी तक्रार घेऊन आलाच, तर थंडोपंत मान वर न करता एकच वाक्य टाकायचे, "आधी तुमच्याकडचं बघा." तुमची वायर बघा, प्लग बघा, तुमचं इंटरनेट बघा. बहुतेक वेळा खरंच तसलंच काहीतरी निघायचं. त्यामुळे ते वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं, की पुढे पुढे ते म्हणण्याआधी विचार करायची गरजच उरली नाही.

त्यांना एक धाकटी बहीण होती. तिला सगळे धाकटीच म्हणायचे, अगदी केसांत पांढरं दिसायला लागल्यावरही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, दोन गल्ल्या पलीकडे दोन खोल्यांत एकटी राहायची; घराची एक किल्ली दादाकडे असायची. तिच्याजवळ एक गोष्ट मात्र अशी होती की ती देताना देणाऱ्यानं हात आखडला नव्हता. तिचा आवाज. ती भाजीवाल्याला भाव विचारायची, तर बाजूची माणसं मान वळवून बघायची. डोळ्यांनी अधू असलेल्या मुलांच्या वसतिगृहात ती जाऊन गोष्टी वाचायची, आणि ती दांडगी कार्टी, एरवी शिक्षकांच्या डोक्यावर मिरे वाटणारी, तिच्यापुढे चिडीचूप बसायची.

तिथेच पुस्तकांचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका कंपनीच्या माणसानं तिला ऐकलं. घरबसल्या वाचा म्हणाला. एक शांत खोली हवी, माइक हवा, आणि चांगला कॉम्प्युटर हवा.

"दादा, मला जमेल का रे?" तिनं विचारलं.

"कॉम्प्युटरची काळजी तू करायचीच नाहीस," थंडोपंत म्हणाले. त्यांची छाती फुगली होती. एवढी वर्षं बहिणीसाठी काही करायचं मनात होतं, आणि नेमकं त्यांच्याच हातचं काम निघालं.

त्यांनी जीव ओतला. कॅबिनेटच्या आत चारी बाजूंना मऊ फोम लावला, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात संथ पंखा निवडला. खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, दाराला जाड पडदा. खोलीतली उरलीसुरली घरघर गाळून टाकणारा एक प्रोग्रॅम घातला. धाकटी वाचायला लागली की तो कामाला लागायचा, ती थांबली की तोही थांबायचा. आणि मग त्या आतल्या सेटिंगमध्ये शिरून प्रोसेसरला इतकं झोपाळू केलं, जितकं आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाचं केलं नव्हतं. माइक आहे ना खोलीत, एक श्वाससुद्धा ऐकू जायला नको!

धाकटीनं कॅबिनेटला हात लावून पाहिला. "दादा, हे चालू तरी आहे का?" त्या दिवशी थंडोपंत घरी जाईपर्यंत एकटेच हसत होते.

पहिलं पुस्तक पाठवलं आणि कंपनीतल्या एका बाईंचा फोन आला. या बाईंचं काम एवढंच, की आलेलं वाचन हेडफोन लावून ऐकायचं आणि चुका कळवायच्या. त्या गोड बोलल्या. वाचन फार सुंदर आहे म्हणाल्या, ऐकतच राहावंसं वाटतं. पण तुम्ही थांबून पुन्हा सुरुवात केलीत, की पहिल्या अक्षरावर आवाज चिरकतो. नेहमी नाही, पण चिरकतो. घसा बसलाय का?

धाकटीनं स्वतः ऐकून पाहिलं. खरंच होतं. वाक्य संपायचं, पान उलटायचं, पुढचं वाक्य सुरू व्हायचं, आणि पहिल्याच अक्षराला काहीतरी चरचरायचं. तिनं दादाला बोलावलं.

"मला बोलताना काहीच जाणवत नाही रे. ऐकतानाच येतं. मशीनचं काही असेल का?"

थंडोपंतांनी ऐकलं. नाकाला मिरची झोंबावी तसं त्यांना झालं. जन्मात बांधलं नव्हतं असं मशीन, आणि घरचीच बाई शंका घेते!

"आधी तुझ्याकडचं बघ," ते म्हणाले. "स्वतःचा आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, म्हणून बोलताना कळत नाही. मशीन काय, जे जाईल तेच टिपणार. थांबल्यावर घसा कोरडा पडतो तुझा. पाणी पी."

ती पाणी प्यायली. कोमट पाणी, मध, वाफ, सगळं झालं. चिरकायचं ते चिरकतच राहिलं. एकदा तिनं भीतभीत विचारलं, "शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवर एकदा वाचून बघू का? नुसतं बघायला."

"बघ की," थंडोपंत म्हणाले. "माझ्यावर विश्वास नसेल तर खुशाल बघ. मी तरी कशाला येतो मग इथे?"

तिनं नाही बघितलं. दादाचा शब्द तिनं लहानपणापासून कधी मोडला नव्हता, आणि दादाला वाईट वाटावं असं तिला या वयात करायचं नव्हतं. एवढ्यासाठी, फक्त एवढ्यासाठी, अर्ध्या तासाचं काम झालं नाही.

थंडोपंतांची बायको तशी कमी बोलणारी. एकदा ताट वाढताना ती सहज म्हणाली, "अहो, पण आपल्याशी बोलताना कुठे चिरकतो वन्संचा आवाज? काल इथे तासभर बोलत होत्या."

"तुला काय कळतं त्यातलं?" ते खेकसले.

वाचनं परत येऊ लागली. धाकटी आता वाक्य सुरू करतानाच धसका घ्यायची. आता चिरकेल, आता चिरकेल, म्हणून तिचा आवाज खरोखरच आखडू लागला. शेवटी दोघं भाऊबहीण घशाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, आवाजाच्या पडद्यावर एक बारीकशी गाठ आहे. खूप बोलणाऱ्यांच्या घशात असं सापडतंच, घाबरायचं कारण नाही, काही केलं नाही तरी चालेल. कामात फारच अडचण येत असेल तर काढता येईल. मात्र आवाजात थोडा फरक पडू शकतो.

धाकटीनं दादाकडे पाहिलं.

"अडचण येतेय ना," थंडोपंत डॉक्टरांना म्हणाले. "मग काढून टाका. एकदाचं मोकळं होऊ दे."

आणि खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं होतं. गाठ सापडली म्हणजे दोष घशात होता. मशीन सुटलं.

ऑपरेशन झालं. बरेच दिवस धाकटीला एक अक्षर बोलायची बंदी होती. काही हवं असलं की ती टाळी वाजवायची आणि हातानं दाखवायची. वहिनी तिच्यासोबत राहिली, दोघी खुणांनी बोलून खिदळायच्या. मग बंदी उठली, आणि ती पहिलं वाक्य बोलली तेव्हा वहिनी क्षणभर दाराकडे बघायला लागली, दुसरं कोणी आलं की काय म्हणून. आवाज जाडा झाला होता. घोगरा. शब्द सगळे धड निघायचे, पण ज्याच्यासाठी लोक मान वळवायचे ते त्यात राहिलं नव्हतं.

"बसेल हळूहळू," थंडोपंत म्हणाले.

डॉक्टरांनी वाचायला हरकत नाही म्हटल्यावर ती माइकसमोर बसली. दादा मागे स्टुलावर. तिनं एक पान वाचलं, चहा टाकायला उठली, आणि थंडोपंतांनी हेडफोन लावून ते ऐकलं.

आवाज बदलला होता. चिरकणं बदललं नव्हतं.

वाक्य संपून पुढचं सुरू होताना, पहिल्या अक्षराला, तस्संच. घशातली गाठ गेली, घसाच पालटला, आणि ते मात्र जसंच्या तसं जागेवर. धंद्यातला माणूस तो, एकदा बघायचं ठरवलं की दिसायला किती वेळ लागणार? धाकटी थांबते. घरघर गाळणारा प्रोग्रॅम थांबतो. प्रोसेसरला काम उरत नाही, तो गाढ झोपतो. धाकटी पुन्हा सुरू करते. त्याला खडबडून उठावं लागतं, आणि उठून डोळे चोळेपर्यंत पहिलं अक्षर अर्धमुर्धं हातातून निसटलेलं असतं. त्याला इतकं गाढ झोपायला कुणी शिकवलं होतं?

त्यांनी मशीन बंद करून चालू केलं, आत शिरले, गाढ झोप बंद केली, कमीत कमी वेग वर चढवला. पंखा किंचित ऐकू यायला लागला. अगदी किंचित. माइकपर्यंत तर पोचतही नव्हता. इतक्याशा आवाजाला भिऊन एवढा सगळा उपद्व्याप केला होता त्यांनी!

"वाच बघू पुन्हा," ती चहा घेऊन आल्यावर ते म्हणाले.

तिनं वाचलं, ऐकलं. एकदाही चिरकलं नाही. तिचे डोळे भरून आले.

"गेलं रे दादा! गुण आला ऑपरेशनचा."

हीच ती वेळ होती. तोंड उघडायचं आणि सांगून मोकळं व्हायचं. थंडोपंतांनी तोंड उघडलं. आणि म्हणाले, "हो. आला गुण."

कंपनीतल्या बाईंनी नवं वाचन ऐकलं. चिरकणं गेलंय म्हणाल्या, अभिनंदन. पण आता आवाज जरा वेगळा वाटतोय, सध्या तशा आवाजाचं पुस्तक नाही, असलं की नक्की कळवू. त्यांनी कळवलं नाही. वसतिगृहातली मुलंसुद्धा पहिल्या दिवशी विचारायला लागली, ताई कधी येणार? ताई त्यांच्यासमोर बसली होती. घरी येऊन तिनं हे हसत हसत सांगितलं, आणि वर दादाचीच समजूत घातली. "तू होतास म्हणून धीर केला बघ. नाहीतर ती गाठ घशात घेऊन बसले असते." पुढे तिला एका कपड्यांच्या दुकानात कापडाच्या घड्या घालायचं काम मिळालं. तिथे बोलावं लागत नव्हतं.

आता इथवर कोणी म्हणेल, चुकतो माणूस. मशीन बांधताना चुकले ते चुकलेच, त्यांना माहीत नव्हतं. मीही तेवढं सोडून देईन. पण पुढचं ऐका.

धाकटीच्या सांगण्यावरून त्याच कंपनीत वाचू लागलेली एक तरुण बाई होती. नवं लग्न, नवं काम; पहिलं पुस्तक तिला आत्ता कुठे मिळालं होतं. तिलाही थंडोपंतांनीच मशीन बांधून दिलं होतं, धाकटीच्या मशीनच्या पाठोपाठ, अगदी तस्संच. कारण सापडल्यावर थंडोपंतांना तिची आठवण झाली होती. बरोबर झाली होती! पण उघड जाऊन दुरुस्त करावं तर ती विचारणार, काय होतं? आणि धाकटीच्या कानावर जाणार. काहीतरी निमित्त काढून जाऊ, गुपचूप करून टाकू, असं ते रोज ठरवायचे. रोज राहून जायचं.

एका सुट्टीच्या दिवशी ते धाकटीकडे गेले, तर ती नवी वाचणारी तिथेच बसलेली. रडून डोळे लाल.

"बरं झालं आलास दादा," धाकटी म्हणाली. "हिचंही तेच झालंय बघ. थांबून सुरू केलं की चिरकतं. दाखवून आली, हिच्याही घशात बारीकसं काहीतरी आहे म्हणतात. घाबरलीय बिचारी. मी म्हटलं, अगं, माझ्याकडे बघ, मी केलंच ना? थोडा आवाज बदलतो, पण चिरकायचं थांबतं. तूच सांग हिला, तुझं ऐकेल."

"काका, करू ना मी?" नवी म्हणाली. "पुढच्या आठवड्यातली तारीख दिलीय." तिचा आवाज स्वच्छ होता. ऐकत राहावा असा.

थंडोपंतांनी दोघींकडे पाहिलं. गप्प राहणं सोपं होतं, त्यांना ते चांगलं जमत आलं होतं. धाकटी वाट बघत होती, दादा काय सांगतो ते ऐकायला मान कलती करून.

"करू नकोस," ते म्हणाले.

"अरे, घाबरवू नको तिला..."

"घशाचं काही नाही ते. मशीनचं आहे. आत एक सेटिंग आहे, चुकीची झालीय. मी आज येऊन बदलून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. ऑपरेशन करू नकोस."

नवी उठून उभीच राहिली. "अय्या! खरंच? काका, खरंच?" ती हसली, तिनं डोळे पुसले, धाकटीला मिठी मारली. "सुटले बाई मी! जीव टांगणीला लागला होता. मी पुढे होते, काका, तुम्ही या." चपला घालून ती जवळजवळ पळतच जिना उतरली.

खोलीत दोघं उरली. धाकटी खुर्चीवर बसली होती तशीच बसून राहिली.

"तिच्या मशीनचं," ती म्हणाली.

"हो."

"आणि माझ्या?"

थंडोपंतांनी मान खाली घातली. "तुझ्याही."

"कधी कळलं तुला?"

"ऑपरेशननंतर तू पहिल्यांदा वाचलंस ना. तू चहा टाकायला गेली होतीस, तेव्हा."

"आणि मी आत आले, तेव्हा म्हणालास, गुण आला."

ती रडेल, ओरडेल, काहीतरी फेकून मारेल, असं त्यांना वाटत होतं. त्यातलं काहीही चाललं असतं. ती उठली, कॉम्प्युटरच्या टेबलापाशी गेली, बटण दाबलं.

"परत आलेली जुनी वाचनं आहेत ना यात?"

"आहेत. पण सगळ्यांत ते... एकही धड नाही त्यातलं."

"ऑपरेशनच्या आधीचं दुसरं काही आहे का कुठे? माझ्या आवाजातलं?"

नव्हतं. वसतिगृहात ती मुलांसमोर बसून वाचायची, ते कोण टिपून ठेवणार? तिचा आवाज जगात कुठे उरला असेल तर त्यांनी बांधलेल्या त्या मशीनमध्ये, त्यांनी बिघडवलेला.

"मग तेच लाव," ती म्हणाली.

त्यांनी लावलं. खोलीत तिचा आवाज आला, तो पूर्वीचा, ज्याच्यासाठी लोक वळून बघायचे. वाक्य संपलं, थांबलं, आणि पुढच्या पहिल्या अक्षरावर चिरकलं. पुन्हा थांबलं, पुन्हा चिरकलं. धाकटी हात मांडीवर ठेवून ऐकत होती. थंडोपंतांना उठून ते बंद करावंसं वाटत होतं, पण हात उचलला जाईना. धडा संपेपर्यंत दोघांनी ऐकलं.

"तू जा आता," ती म्हणाली. "ती पोरगी वाट बघत असेल."

ते उठले. दारापर्यंत गेले.

"आणि माझ्या घराची किल्ली आहे ना तुमच्याकडे," धाकटी मागून म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती त्यांना 'तुम्ही' म्हणाली. "ती तिथे टेबलावर ठेवून जा."